सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस

रावेरकडची मंडळी मला बघायला आली तेव्हा मी धुळ्याला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव सोनगीर. सकाळच्या एसटीने धुळ्याला जायचं, दुपारी परतायचं आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत आठवी-नववीच्या मुलींच्या शिकवण्या घ्यायच्या, असा माझा दिवस असे. शिकवण्यांसाठी त्या खोलीत एक पांढरा फळा ठोकलेला होता. पाहुणे येणार म्हणून आईने खोलीतलं सगळं हलवलं, गादीवर नवी चादर घातली. फळाही काढायचा होता, पण वडिलांना त्याचा खिळा काही निघेना. शेवटी फळा पुसून तसाच ठेवला.

त्याआधी दोन ठिकाणची माणसं येऊन गेली होती. कुणी वाईट वागलं नव्हतं. स्वयंपाक येतो का, लग्नानंतर नोकरी करायची आहे का, मोठ्या घरात राहायची सवय आहे का, हे त्यांनी विचारलं आणि मी उत्तरं दिली. दोन्हीकडून पुढे काही कळलं नाही. त्यामुळे या खेपेला मी फार मनावर घेतलं नव्हतं. शेव-चिवड्याच्या बश्या ठेवल्या आणि आईशेजारी बसले.

आले होते तिघंच. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण. वडिलांना सगळे आबा म्हणत आणि बहिणीला अक्का. त्यांची रावेर तालुक्यात केळीची बाग होती आणि रस्त्याला लागून केळी भरायचं शेड होतं. बाग आबा बघत, शेड अक्का. मुलगा कृषी पदवीधर, दोघांच्याही हाताखाली. अक्का उंच, हाडापेराने मोठ्या, साठीच्या पुढच्या. चष्मा बोलताना काढायच्या आणि ऐकताना लावायच्या. त्यांनी चहा संपवला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तुले काय आवडते?"

आईने लगेच सांगितलं की स्वयंपाकाची हिला आवड आहे, विणकामही येतं. अक्कांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिले विचारलं मी."

मी म्हणाले, "गणित."

गणितातलं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अविभाज्य संख्या. आबांना तो शब्द नीट आठवेना, म्हणून मी सांगितलं की पाच, सात, अकरा, तेरा अशा ज्या संख्यांना एक आणि ती संख्या स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, त्या. आबांनी बोटांवर पंधरा, सतरा, एकोणीस असं काहीसं करून पाहिलं आणि मान हलवली.

"मंग दाखव एखादी चांगली," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा लावला.

चांगली संख्या दाखव, असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. कॉलेजातही नाही. मी वडिलांकडे पाहिलं, ते बशीकडे बघत होते. मग मी उठले, फळ्याजवळ गेले आणि निळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ७३९३९१३३.

ही संख्या मला आदल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात भेटली होती आणि तेव्हापासून मी ती मनात बाळगून होते. आधी ती वाचून दाखवली: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. हिला कशानेच भाग जात नाही, असं सांगितलं. मग शेवटचा तीन बोटाने पुसला. उरले त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. म्हटलं, हिलाही कशाने भाग जात नाही. पुन्हा शेवटचा आकडा पुसला, सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव. हिलाही नाही. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस, नाही. सात हजार तीनशे त्र्याण्णव, नाही. सातशे एकोणचाळीस, नाही. त्र्याहत्तर, नाही. शेवटी फळ्यावर एकटा सात उरला. तोही अविभाज्य.

मग मी संख्या पुन्हा पूर्ण लिहिली आणि सांगितलं की हिच्या शेवटी आणखी एखादा आकडा लावून खेळ वाढवावा म्हटलं, तर ते होत नाही. कोणताही आकडा लावा, कुठली तरी संख्या तिला भागतेच. उजवीकडून एकेक आकडा पुसत गेलं तरी शेवटपर्यंत अविभाज्य राहते, अशी ही सगळ्यांत मोठी संख्या. याच्या पुढे रस्ता नाही.

आबा म्हणाले, शेवटी एक लावला तर? मी म्हटलं, तिनाने भाग जातो. सात लावला तर? तरीही तिनानेच. त्यांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. मुलाच्या हातातला चहा निवला होता आणि तो फळ्याकडे बघत होता.

अक्कांनी विचारलं, हे कुणी भागून पाहिलं? मी म्हणाले, पूर्वी लोकांनी हाताने केलं, आता संगणकाने क्षणात होतं. त्यांनी विचारलं, "तू पाह्यलं?"

खरं ते सांगितलं. पाच आकड्यांपर्यंत मी स्वतः भागून बघितलं आहे, पुढचं वाचलेलं आहे.

अक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. "आमी भागून पाह्यतो, मंग सांगतो," त्या म्हणाल्या, आणि मंडळी निघाली. जाण्यापूर्वी मुलाने मोबाइलवर फळ्याचा फोटो घेतला.

गाडी फाट्याच्या पलीकडे गेल्यावर वडिलांचा धीर सुटला. ते रागावले नाहीत, कासावीस झाले. "हाई काय शे, पोर? पाहुणासनी काय इचारं नि तू काय लिखी बठनी?" पाहुण्यांनी विचारलं काय आणि मी लिहून बसले काय, हे त्यांना पचेना. त्यांना वाटलं, भागून पाहतो म्हणजे नकार देण्याची सभ्य रीत. आईला मात्र अक्का आवडल्या होत्या.

पुढचे काही दिवस कुठूनच काही निरोप नव्हता. वडील रोज संध्याकाळी विचारायचे, फोन आला का. शेजारपाजारचे त्यांना विचारायचे, ते मला येऊन सांगायचे, "बठ्ठं गाव इचारी राहिनं," सगळं गाव विचारतंय म्हणून. मी कापसाच्या वेचणीला आलेल्या बायांना चहा न्यायची, तर त्याही विचारायच्या.

मग एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. बघायला आलेला मुलगाच होता. नमस्कार वगैरे झालं आणि तो जरा अडखळत म्हणाला, एक विचारायचं होतं. भागाकार कुठपर्यंत करायचे?

मला आधी कळलंच नाही. त्याने सगळं सांगितलं. अक्कांनी खरोखर शेडमध्ये भागाकार सुरू केले होते. भिंतीवर खडूने ती संख्या लिहिली होती. ट्रकची वाट बघत बसावं लागतं तेव्हा, जेवणाच्या सुट्टीत, वीज गेली की, जो मोकळा असेल त्याने मोबाइलवर एक भागाकार करायचा. दशांश चिन्ह आलं की ती संख्या बाद. पण दोनपासून सुरुवात करून ते सगळ्याच संख्यांनी भागत सुटले होते आणि आता अक्का विचारत होत्या की सात कोटीपर्यंत भागत बसायचं का, तर तसं सांग, आम्ही तयारीने बसतो.

मला हसू आवरेना. तोही हसायला लागला. मग मी त्याला विचारलं, तुम्ही केळीची रोपं लावता तेव्हा शेताचा तुकडा ओळींनी भरता ना? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, समजा शंभर रोपं आहेत आणि एकही न उरता चौकोनात लावायची आहेत. दहा ओळी दहा रोपांच्या, किंवा पाच ओळी वीस रोपांच्या. ओळी वाढल्या की ओळीतली रोपं कमी होणार. ओळीही दहाहून जास्त आणि ओळीतली रोपंही दहाहून जास्त, असं होईल का? तो म्हणाला, नाही, मग शंभराच्या वर जातील. मी म्हटलं, म्हणजे दोहोंतला एक आकडा दहा किंवा त्याच्या आत असणारच. म्हणून शंभरासाठी दहापर्यंतच शोधायचं. तुमच्या संख्येसाठी तोच हिशेब केला तर साडेआठ हजारांच्या थोडं पुढे जावं लागेल, आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत. आणि त्यातही सगळ्या संख्या घेऊ नका. दोनाने भाग गेला नाही तर चाराने, सहाने जाणारच नाही. फक्त अविभाज्य संख्या घ्या.

फोन कट झाला की काय, असं वाटून मी हॅलो म्हटलं. तो म्हणाला, थांबा, समजून घेतोय. मग त्याने तेच मला उलट सांगून दाखवलं, स्वतःच्या शब्दांत, एका शेताच्या उदाहरणावरून, कुठेही न चुकता. शेवटी म्हणाला, "म्हणजे ही अशी रोपं आहेत की एका लांबच लांब ओळीतच लावावी लागतील. दुसरी कुठली मांडणी नाहीच."

माझ्या बाजूने लग्न त्या वाक्याला ठरलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर फोन रोज येऊ लागले. आधी प्रश्न असायचा, मग गप्पा. साडेआठ हजारांपर्यंतच्या अविभाज्य संख्या कशा काढायच्या, हे त्याने विचारलं. तयार यादी मोबाइलवर मिळते, असं मी सांगितलं, पण अक्कांना ती नको होती. म्हणून चाळणीची रीत सांगितली. सगळ्या संख्या ओळीने लिहायच्या, मग दोनाच्या पटीतल्या खोडायच्या, तिनाच्या, पाचाच्या, साताच्या, असं पुढे जात राहायचं. जे चाळणीत उरतं ते अविभाज्य. त्यांनी केळीच्या खोक्यांचे न दुमडलेले पुठ्ठे शेडच्या फरशीवर पसरले आणि त्यांवर संख्या लिहिल्या. केळ्यांच्या फण्या धुणाऱ्या एका बाईने तिनाच्या पटी घेतल्या, दुसरीने पाचाच्या, वजनकाट्यावरच्याने साताच्या. सतराच्या पटी कुणालाच नको होत्या, त्या आबांकडे गेल्या. आबा एक दिवस बागेत फिरताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणत होते, म्हणून पाणी द्यायला आलेल्या माणसाला वाटलं, आबा जप करायला लागले.

कधी कुणाच्या मोबाइलवर दशांश चिन्हच यायचं नाही. शेडमध्ये गलका व्हायचा, भाग गेला, भाग गेला. मग अक्कांचा नियम लागू व्हायचा: ज्याला भाग गेला त्याने पुन्हा करायचं आणि शेजारच्यानेही करायचं. दर वेळी एखादा आकडा टाकायचा राहिलेला निघायचा.

आमच्याकडे हे सगळं माझ्या तोंडून पोचत होतं. वडिलांना आता नकाराची भीती राहिली नव्हती, पण होकारही आला नव्हता. शेवटी आबांचा त्यांना रीतसर फोन आला. रविवारी घर बघायला या, जेवायलाच या.

आम्ही तिघं सकाळी निघालो. रावेरला स्टँडवर तो घ्यायला आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, मधून मधून घडांनी भरलेले ट्रॅक्टर. वडील गाडीच्या खिडकीतून बागा बघत होते आणि पाणी किती अंतराने देता, खोडं किती वर्षं ठेवता, हे विचारत होते. ते शेतीवर बोलायला लागले की त्यांची सगळी कासाविशी जाते.

घर आधी दाखवतील असं वाटलं होतं, पण गाडी शेडपाशी थांबली. रविवार असूनही बरेच जण होते, बहुतेक आम्हाला बघायला आलेले. पाण्याच्या टाक्या, त्यात तरंगणाऱ्या हिरव्या फण्या, कडेला खोक्यांची उतरंड. आणि मागच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत, ७३९३९१३३. मी ती संख्या इतकी मोठी कधी पाहिली नव्हती. आईने माझा हात धरला.

पण वातावरण जरा विचित्र होतं. सगळे आबांकडे बघत होते आणि आबा माझ्याकडे. अक्का एका खुर्चीवर चष्मा हातात घेऊन बसल्या होत्या. नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाठीवर हात फिरवला. आबाच बोलले. आवाजात अपराधीपणा होता.

"पोरी, सातानं भाग गेला."

झालं होतं असं, की आदल्या दिवशी जवळजवळ सगळे भागाकार संपले होते. सगळ्यांनी मोबाइलवर केले, पण आपण एकही हाताने केला नाही, हे आबांच्या मनाला लागलं. म्हणून सकाळी त्यांनी एक पुठ्ठा घेतला, भिंतीवरून संख्या उतरवून घेतली आणि लहानपणी शिकलेल्या रीतीने साताने भागायला बसले. बाकी शून्य आली. पुन्हा केलं, पुन्हा शून्य. शेडमधल्या चौघांनी तो पुठ्ठा तपासला, चूक कुणालाच सापडली नाही. मोबाइलवर मात्र साताने भाग जात नव्हता. आता अर्धे म्हणत होते मोबाइलचा भरवसा नाही, अर्धे म्हणत होते आबांचा.

वडील माझ्याकडे बघू लागले. मी पुठ्ठा हातात घेतला. साताने मी त्या संख्येला कितीतरी वेळा भागलं होतं, बाकी दोन येते हे मला पाठ होतं. पण पुठ्ठ्यावरचा भागाकार मी वरून खाली तपासला आणि तो बरोबर होता. एक एक वजाबाकी बरोबर. शेवटी शून्य. क्षणभर वाचलेलं, शिकलेलं सगळं चुकीचं असेल का, असं वाटून गेलं. तेवढ्यात मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, तुम्ही पुठ्ठ्यावरची वाचा, मी भिंतीवरची वाचतो.

आम्ही दोघं एकदम वाचायला लागलो. सात. तीन. नऊ. तीन. नऊ. मग मी तीन म्हणाले आणि तो एक म्हणाला.

आम्ही पुढे वाचलं. माझ्याकडे तीन, एक, तीन होतं, त्याच्याकडे एक, तीन, तीन. आबांनी लिहिताना एक आणि तीन यांची अदलाबदल केली होती. भिंतीवर शेवटी एकशे तेहतीस होतं, पुठ्ठ्यावर तीनशे तेरा.

मी आबांना सांगितलं, "तुमचा भागाकार अगदी बरोबर आहे. संख्या दुसरी आहे."

आबांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा पुठ्ठ्याकडे. ओशाळतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र उजळत गेला. शेजारच्या दोन आकड्यांनी नुसत्या जागा बदलल्या की लगेच सात आत शिरतो, हे त्यांना फार मोठं नवल वाटलं. त्यांनी मला विचारलं, मग दुसऱ्या कुठल्या दोघांच्या जागा बदलल्या तर कोण शिरेल? मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. ते म्हणाले, बघू, त्यात काय. आणि हसण्याची जी लाट उठली ती टाक्यांपासून गेटपर्यंत गेली. वडीलही हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार दिवसांनी पाहिलं.

अक्का उठल्या. त्यांनी मला भिंतीजवळ नेलं. म्हणाल्या, सगळं झालं आहे, एकच भागाकार मुद्दाम ठेवला आहे, शेवटचा. आठ हजार पाचशे सत्त्याण्णव. तो तू कर. त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. सगळे भोवती जमले. मी आकडे एकेक करून दाबले, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत, कारण आता चूक करायची सोय नव्हती. उत्तर आलं आठ हजार सहाशे आणि पुढे दशांश चिन्ह, पाच, सात. मी मोबाइल उंच धरून सगळ्यांना दाखवला.

"नाई भागत," अक्का म्हणाल्या. तेवढंच. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून साखरेची पुडी काढली आणि पहिली चिमूट माझ्या तोंडात घातली, दुसरी वडिलांच्या. वडिलांना काही क्षण कळलं नाही की हा होकार आहे. आईला कळलं होतं. ती डोळे पुसत होती.

जेवायला भरीत-पुरी होती. जेवणानंतर पुरुष बाग बघायला गेले आणि मी अक्कांबरोबर मागच्या ओट्यावर बसले. मी त्यांना विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी केला? फोनवर एका मिनिटात खात्री झाली असती.

त्यांनी चष्मा काढला. त्यांना बघायला आले होते तेव्हाची हकिगत त्यांनी सांगितली. चालून दाखवायला लावलं होतं, केस सोडायला लावले होते, सुईत दोरा ओवायला लावला होता. "मले चित्रं काढायची लय हौस होती," त्या म्हणाल्या. "पण विचारलंच नाई कोणी." त्यांचं लग्न झालं, संसारही चांगला झाला, नवरा गेल्यावर भावाने आणि त्यांनी मिळून हे शेड उभं केलं. त्यांची कशाबद्दलच तक्रार नव्हती. पण त्यांनी ठरवून ठेवलं होतं, आपल्या घरात मुलगी येईल तेव्हा तिला काय आवडतं ते विचारायचं, आणि ती जे सांगेल ते आपण सगळ्यांनी मिळून करून बघायचं. गाणं म्हणाली असती तर गाणं. त्या हसून म्हणाल्या की गाणं सोपं पडलं असतं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांनी माझं बोट धरून बसल्या. समोर वाऱ्याने केळीची पानं फाटत होती आणि आबांचा आवाज बागेतून येत होता. ते माझ्या वडिलांना काहीतरी समजावून सांगत होते, त्यात मधूनमधून सात हा शब्द ऐकू यायचा.

परतीला जळगावहून धुळ्याची बस मिळाली. संध्याकाळ व्हायची होती. आई आणि मी एका बाकावर, वडील आमच्या पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ. त्यांनी वडिलांना सहज विचारलं, कुठून आलात. बस एरंडोलला पोचेपर्यंत वडिलांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. जो माणूस महिन्यापूर्वी फळ्यावरून कासावीस झाला होता, तोच आता बसच्या तिकिटाच्या मागच्या बाजूला संख्या लिहून बोटाने एकेक आकडा झाकत होता आणि सांगत होता, "याले बी भाग जास नही. याले बी नही." मध्येच मागे वळून मला विचारून घेत होता, बरोबर ना? मी हो म्हणायची. ते गृहस्थ कापसाचे शेतकरी होते, त्यांनी ते तिकीट मागून घेतलं आणि स्वतः आकडे झाकून पाहिले.

पारोळ्याला ते उतरले. बस सुटायच्या बेतात असताना ते खिडकीपाशी आले आणि काचेवर बोटाने टकटक केली. वडिलांनी काच सरकवली. त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, मागून पुसायचं समजलं, पण हिच्या पुढच्या बाजूला दोन लावला तर? सत्तावीस कोटी होतील. मग भाग जाईल का?

बघून सांगते, असं म्हणेपर्यंत बस हलली. मी मोबाइल काढला. तिनाने नाही, साताने नाही, अकराने नाही. तेराने भागलं आणि समोर स्वच्छ उत्तर आलं, दशांश चिन्हाशिवाय. अक्कांच्या नियमाप्रमाणे पुन्हा करून पाहिलं, आईकडूनही करून घेतलं. तेराने भाग जात होता.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले, मागे पारोळ्याच्या दिशेने बघत. त्या माणसाचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आता त्याला कसं कळवायचं, असं ते धुळे येईपर्यंत म्हणत राहिले. आई म्हणाली, बसले असतील तेही घरी भागत. ते वडिलांना पटलं. मग त्यांनी माझ्याकडून मोबाइल मागून घेतला, तेरा कुठे दाबायचं ते विचारलं आणि स्वतः एकदा करून पाहिलं.